उकिरड्यापासून सुरुवात करा

आज कृषी पदवी घेणाऱ्या स्नातक मित्रांनो,

उद्यापासून तुमच्यातले अनेकजण गावोगाव फिरतील. गावात शिरलात की माती तपासण्याआधी उकिरडा बघा.

गोठ्यामागे उघड्यावर साचलेल्या शेणातलं नत्र उन्हात अमोनिया होऊन उडून जातं. पावसाळ्यात उरलंसुरलं विरघळून नाल्यात, विहिरीत उतरतं. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, तिथे मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता वाढवतो. शेतकऱ्याचं खत जातं, गावचं पाणी नासतं आणि हवाही बिघडते.

यावरचा उपाय आपल्याच मातीतला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे सगळ्यांचे नाडेपकाका, यांनी तो घालून दिला. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असं विटांचं टाकं बांधायचं आणि हवा खेळावी म्हणून भिंतींत भोकं ठेवायची. तळाला सहा इंच काडीकचरा. त्यावर चारेक किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपायचं, वर चाळलेली माती पसरायची. असे थर काठाच्या वर दीड फुटापर्यंत चढवून शेणमातीनं लिंपून टाकायचं. ढीग खाली बसला की पुन्हा भरायचा, भेगा बुजवायच्या, ओल टिकवायची. तीन-चार महिन्यांत खत हाती येतं.

एका टाक्याला शेण लागतं जेमतेम 100 किलो आणि खत निघतं जवळपास 3 टन! त्यात मातीचा वाटा मोठा असतो, हे शेतकऱ्याला आधीच सांगा. मला यातलं मोल दिसतं ते असं की शेण इथे विरजणासारखं काम करतं. घरी एकच गाय असलेला शेतकरीही टाकं भरू शकतो. बांधावर पेटवून द्यायच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या बारीक करून टाक्यात घातल्या, तर तो धूरही टळतो.

कुजलेलं खत पडलं की माती भुसभुशीत होते, पाणी धरते. कोरडवाहू विदर्भ-मराठवाड्यात पावसाच्या एका खंडात पीक तगण्याला केवढं महत्त्व आहे, हे तुम्हाला सांगायला नको. युरियाचं पोतं कमी झालं, तर तो बनवायला लागणारा नैसर्गिक वायू वाचतो आणि शेतातून निघणारा नायट्रस ऑक्साइडही घटतो.

पण भाबडी आश्वासनं देऊ नका. शेणखतात नत्र असतं अर्धा टक्का, युरियात 46 टक्के. सगळी पोती एका हंगामात बंद करायला लावलीत, तर पिकाचा घाटा शेतकऱ्याच्या माथी बसेल. माती तपासा, सेंद्रिय कर्ब वाढतोय का बघा आणि त्या बेतानं रासायनिक खताची मात्रा उतरवा.

माझं मागणं एवढंच आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात एक तरी उकिरडा मोडून तिथे टाकं उभं करा, आणि खत उपसायच्या दिवशी फावडं घेऊन स्वतः हजर राहा.