सार्वजनिक वाचनालय आणि आपले कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनाच्या प्रसंगी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली. विद्यार्थी-साहाय्य निधी, वधूवर-सूचक मंडळ, गुणगौरव या विषयांवर अधिकारी वक्ते दरवर्षी बोलतातच. आज आम्ही अशा एका संस्थेविषयी बोलणार आहोत, की जी आपल्या ज्ञातीची नाही. तथापि जिच्या ऋणातून आपल्यापैकी फारच थोडी कुटुंबे मुक्त असतील. ती संस्था म्हणजे आपल्या गावचे सार्वजनिक वाचनालय.

आरंभी एक कबुली दिली पाहिजे. गेल्या वर्षी वडिलोपार्जित घराची आवराआवर करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आम्हांस एक पुस्तक सापडले. आत वाचनालयाचा शिक्का होता, आणि परतीच्या तारखेला अडतीस वर्षे उलटून गेली होती. ते आम्हीच विद्यार्थिदशेत आणले होते. दुसरे दिवशी खाली मान घालून आम्ही ते परत करावयास गेलो. ग्रंथपाल बाईंनी जुनी नोंदवही काढली, आमच्या नावापुढील लाल शाईची खूण दाखविली आणि शांतपणे म्हणाल्या, “दंडाचे राहू द्या. या पुस्तकाची मागणी पुढे तीन वाचकांनी नोंदविली होती. त्यांना ते देता आले नाही, एवढेच वाईट वाटते.” दंड भरला असता तर तो आम्ही विसरलो असतो, हे वाक्य विसरता आलेले नाही.

त्या दिवशी आम्ही दोन तास तेथेच थांबलो. वृत्तपत्रांच्या मेजाभोवती निवृत्त मंडळी बसली होती. अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुले-मुली खुर्ची मिळावी म्हणून सकाळपासून येऊन बसली होती. दिवाळी अंकांच्या योजनेचे पैसे भरावयास काही गृहिणी आल्या होत्या. एका कोपऱ्यात छतातून झिरपणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवलेली होती आणि तेथील कपाटे भिंतीपासून पुढे ओढलेली होती. निघताना सभासदांची यादी चाळली. आपल्या ज्ञातीतील नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. त्या छताइतकीच ही यादीही आमच्या मनाला लागून राहिली.

ही वाचनालये आपल्याकडे आली कशी, याचा थोडा विचार करू. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 सालचे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचे. ठाण्यास 1893 साली वि. ल. भावे प्रभृतींनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले आणि 1898 साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. ज्या भाषेतील ग्रंथ कोणी एकत्र ठेवीत नव्हते, त्या भाषेसाठी स्वतंत्र घर असावे ही ती दृष्टी होती. याच भावे यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले, हा योगायोग नव्हे.

बडोद्याचे उदाहरण तर प्रत्येक ज्ञातिसंस्थेने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नामक ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण केले आणि संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणले. गावकऱ्यांनी वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच दरबाराने घालावी, असा त्या योजनेचा पाया होता. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. गावाने पहिला रुपया टाकल्यावाचून पुढचे दोन येत नसत, हे त्यातले मर्म. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. आणि ग्रंथांना जागा हवी म्हणून पुढे त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले. शिष्यवृत्तीने माणूस विद्येच्या दारापर्यंत पोचतो, दाराच्या आत मात्र ग्रंथ लागतात.

आता आजची स्थिती. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 साली झाला. मद्रास राज्याने 1948 सालच्या आपल्या कायद्यात ग्रंथालय-कराची तरतूद केली होती. आपल्या कायद्यात तसा कर नाही. शासन अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान देते, पण वाचनालय चालविते ती गावातील मंडळींची संस्था. अनुदानातूनच कर्मचाऱ्यांचे वेतन, ग्रंथखरेदी, वीज आणि दुरुस्ती भागवावयाची, आणि उरलेली तोंडमिळवणी वर्गणी व देणग्या यांतून. ग्रंथपालाचे वेतन किती तुटपुंजे असते हे येथे सांगत नाही. आपण स्वतः जाऊन विचारावे. यास्तव सभासद घटले की वाचनालय एका दिवसात बंद पडत नाही. आधी नवी पुस्तके येईनाशी होतात, मग मासिके कमी होतात, मग संध्याकाळची वेळ आखडते आणि शेवटी केवळ फलक उरतो.

येथे आम्ही नाजूक मुद्द्याकडे वळतो. आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे एक सूचना येणार आहे, की आपल्या सभागृहाच्या नव्या मजल्यावर केवळ ज्ञातिबांधवांसाठी वाचनालय काढावे. सूचकांच्या हेतूविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. तरीही आम्ही या सूचनेस नम्रपणे विरोध करणार आहोत, आणि तो का हे सर्वांसमक्ष सांगणे उचित वाटते.

पहिले कारण अनुभवाचे. आपल्या कार्यालयात आजही पुस्तकांची तीन कपाटे आहेत. एकाची किल्ली हरवली आहे, दुसऱ्यात वाळवी शिरली आणि तिसऱ्यात स्वागताच्या शाली ठेवल्या आहेत. कपाटे दिली तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या. त्यांची रोजची देखभाल कोणाच्याच वाट्यास आली नाही. ग्रंथ दाखल करणे, वर्गवारी लावणे, बांधणी करणे, देवघेव सांभाळणे हे रोजचे आणि शिकून करावयाचे काम आहे.

दुसरे कारण हिशेबाचे. एकाच गावात दोन दुबळी वाचनालये पोसण्यापेक्षा एक सबळ करणे शहाणपणाचे. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथाचे सार्थक त्याच्या वापरात आहे, हा त्यांतील पहिल्याच सूत्राचा आशय. चार कुटुंबांनी उघडलेल्या ग्रंथापेक्षा चारशे कुटुंबांना मोकळा असलेला ग्रंथ अधिक जगतो.

तिसरे कारण आमच्या लेखी सर्वांत मोठे. आपली पहिली शिकलेली पिढी ज्ञातीच्या पुस्तकांवर शिकली नाही, कारण तशी पुस्तके नव्हतीच. ती गावच्या वाचनालयात, इतरांनी दिलेल्या ग्रंथांवर आणि इतरांनी भरलेल्या वर्गणीवर शिकली. आता हाती चार पैसे आल्यावर आपण दार लावून आत बसणार असू, तर त्यास कृतज्ञता हा शब्द लावता येणार नाही.

कोणी म्हणतील, हल्ली सर्व काही मोबाइलवर मिळते, वाचनालय हवे कशाला? मिळते, हे खरे. परंतु दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहत असता अभ्यासाला शांत मेज मोबाइलवर मिळत नाही. कोणते पुस्तक आधी वाचावे आणि कोणते नंतर, हे विद्यार्थ्याचा वकूब पाहून सांगणारे अनुभवी माणूस तेथे मिळत नाही. गावच्या जुन्या साप्ताहिकांचे बांधीव अंकही बहुधा त्याच कपाटात असतात, अन्यत्र नाहीत.

तेव्हा करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक कुटुंबाने निदान एक सभासदत्व घ्यावे आणि ते वापरावे. वर्गणी भरून घरी बसणारा सभासद वाचनालयास अर्धाच उपयोगी. साहाय्य निधीतून ज्या विद्यार्थ्यांस मदत होते, त्यांची अनामत व वर्गणी निधीने भरावी. वाचनालयाच्या वार्षिक सभेस आपल्यापैकी हिशेब जाणणाऱ्यांनी उपस्थित राहावे. वडिलधाऱ्यांच्या स्मरणार्थ देणगी देताना रद्दीत जाणारी पुस्तके गोणीत भरून नेऊ नयेत. ग्रंथपालांकडून हव्या असलेल्या ग्रंथांची यादी मागून घ्यावी. आपल्या स्मरणिकांचा संच तेथे ठेवावा, म्हणजे आपला इतिहासही इतरांस वाचता येईल. आणि नव्या मजल्यासाठी काढलेल्या रकमेतून यंदा पावसाळ्यापूर्वी त्या छताची दुरुस्ती करून द्यावी. त्यावर आपल्या संस्थेच्या नावाची पाटी नसली तरी चालेल.

सभेचा निर्णय काहीही होवो, तो आम्हांस शिरोधार्य आहे. मात्र मत देण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरचा माळा एकदा पाहावा. वाचनालयाचे एखादे पुस्तक तेथे निघाले तर संकोच न करता परत करावे. त्याची वाट पाहणारा वाचक कदाचित आपल्याच शेजारी राहत असेल.