पानिपत इथून किती लांब?

दिल्लीला आलेला मराठी पाहुणा लाल किल्ला, कुतुबमिनार पाहतो आणि हमखास विचारतो, “पानिपत इथून किती लांब?” साधारण ९० किलोमीटर. जिल्हा राजधानी क्षेत्रातच मोडतो. तिथे ना डोंगर, ना समुद्र. मग ओढ कसली? मला वाटतं, भाषेचीच. ‘पानिपत झालं’ हे आपण लहानपणापासून घरात ऐकतो. त्यात विश्वास पाटलांची १९८८ची ‘पानिपत’ कादंबरी अनेकांनी झपाटून वाचलेली.

पानिपतच्या लढाईचं स्मारक असलेल्या काला अंबला विटांचा स्तंभ आहे, भोवती कुंपण. तिथे पोचल्यावर बोलकी माणसंही गप्प होतात. कुणी वाकून चिमूटभर माती रुमालात बांधून घेतं. १४ जानेवारीला, १७६१च्या युद्धदिनी, तर महाराष्ट्रातून खास माणसं येतात.