एक ओळ द्या, सर!

हडपसरला एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. पावसाळ्यात संध्याकाळी सातनंतर फोन वाजला, की तो बहुधा एखाद्या वार्ताहराचा असतो. ‘सर, आज ढगफुटी झाली ना? एक ओळ द्या, पान सोडायचंय.’

श्रोतेहो, ढगफुटी हा शब्द दणदणीत खरा; पण हवामानशास्त्रात त्याला माप आहे. वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तर ती ढगफुटी. म्हणजे एका एकरावर तासाभरात चार लाख लिटर पाणी! म्हणून मी उलट विचारतो, ‘किती मिलिमीटर, आणि किती वेळात?’ बऱ्याचदा हाती असलेला आकडा चोवीस तासांचा निघतो.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. ढगफुटी म्हटलं की सगळा दोष आभाळाचा. पण पन्नास मिलिमीटर पावसात रस्त्याची नदी झाली, तर नाला कुठे बुजवला, चेंबर का तुंबलं, हे विचारावंच लागतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. माणसं गेली, संसार वाहून गेले. अशा वेळी पाऊस किती पडला याबरोबरच ओढ्याला वाट किती उरली होती, हेही बातमीत यायला हवं. ते जुने-नवे नकाशे पुढ्यात ठेवून सांगणं हे आम्हा शिक्षकांचंच काम.

हिवाळ्यात प्रश्न बदलतो. पाषाणला हुडहुडी, मग मगरपट्ट्यात पारा चढा का? दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि डांबर रात्री ती उष्णता हळूहळू सोडत राहतं. मोकळी, झाडीची जमीन लवकर निवते. हे दोन वाक्यांत सांगता येतं. मात्र एका रात्रीच्या पाऱ्यावरून ‘हवामान बदललं’ असा मथळा देऊ नका, हेही मी सांगतो. त्याला तीसेक वर्षांच्या नोंदी लागतात.

आमची प्राध्यापक मंडळी बोलायला बिचकतात. ‘सांगावं एक, छापतात भलतंच.’ तक्रार अगदीच खोटी नाही. पण आपण गप्प बसलो म्हणून ती जागा रिकामी राहत नाही. मोबाइलवर फिरणारा कुठलाही निरोप तिथे येऊन बसतो.

डॉ. जयंत नारळीकरांनी तर वृत्तपत्रांना प्रयोगातच सामील करून घेतलं. २००८ मध्ये त्यांनी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातल्या सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. ज्योतिषांना आवाहन केलं ते पत्रकार परिषदेतून. पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद, एवढंच सांगायचं होतं. २७ जणांची उत्तरं आली, त्यातली ४६ टक्के बरोबर. नाणं उडवूनही साधारण एवढंच जमलं असतं! हे समजायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

मी आता एक पथ्य पाळतो. फोनवर बोलणं झालं, की आकडा, वेळ आणि ठिकाण लगेच संदेशातून लिहून पाठवतो. गोंगाटात ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच ऐकू येतात. आणि भूकंपाबद्दल विचारलं, तर सरळ भूशास्त्राच्या सहकाऱ्याचा क्रमांक देतो.