त्यांनी मान हलवली होती
(मंडळीच्या सभेत दिलेले भाषण)



धडगाव भागातल्या एका पावरा आजोबांना मी न्यूमोनियासाठी दवाखान्यात भरती केलं होतं. "रात्री उठायचं झालं तर घंटा वाजवा," असं मी त्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी निर्धास्त होऊन घरी गेलो. पहाटे ते लघवीसाठी एकटेच उठले आणि खाटेजवळ पडले. खुब्याचं हाड मोडलं. त्यांना पावरीखेरीज दुसरी भाषा समजत नव्हती, हे मला नंतर कळलं. मान हलवली ती माझा मान राखायला. चूक माझी होती.

म्हातारं माणूस पडायचंच, असं आपण सहज म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाप्रमाणे पासष्टीपुढच्या शंभरांतले २८ ते ३५ जण दरवर्षी पडतात. पण त्यामागे कारणं असतात, आणि पुष्कळशी आधी ओळखता येतात.

जो पूर्वी पडला आहे, त्याला धोका अधिक. चार दिवस अंथरुणात राहिलं की पायांतलं बळ जातं. झोपेच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोल जातो. एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. शिवाय मोतीबिंदू, आजारातला भ्रम, लघवीची घाई, सलाईनची नळी, ओली फरशी. त्यातून आपली पाड्यावरची माणसं जन्मभर जमिनीवर निजलेली. लोखंडी उंच खाट त्यांना परकी.

म्हणून भरती करतानाच विचारा, "वर्षभरात कधी पडलात का?" चालू गोळ्या सगळ्या डॉक्टरांना दाखवा. खाट खाली करता येत असेल तर करून घ्या. चष्मा, काठी, पाणी हाताशी ठेवा. निजण्याआधी लघवीला नेऊन आणा. उठताना आधी थोडा वेळ काठावर बसवा, मग हात देऊन उभं करा. सांगायचं ते त्यांच्या बोलीत सांगा, आणि घंटा एकदा त्यांच्याच हातून वाजवून घ्या. नुसत्या मान हलवण्यावर जाऊ नका.

ते आजोबा पुन्हा आपल्या डोंगरावरच्या शेतात चढू शकले नाहीत. आपल्या मंडळीत पावरी, भिली बोलणारी तरुण मुलं-मुली आहेत. आठवड्यातली एक रात्र वॉर्डात उशाशी बसायला कोण येईल? सभेनंतर मी दाराशी वही घेऊन उभा आहे. पहिलं नाव माझंच लिहिलं आहे.