शूराच्या मागे राहिलेले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपण दापोडीकर. सैनिक आपल्याला परका नाही. इकडे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, पुलापलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्स. संचलन पाहिले की आपला ऊर भरून येतो. आज मात्र मला सैनिकाच्या मागे राहिलेल्या घराविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या तुकडीतील सारे सोबती ठार वा जखमी झाले. ते एकटेच धावून गेले, हातगोळा टाकून ती मशीनगन बंद पाडली आणि गोळ्या भरायला उसंत मिळेना तेव्हा हातातली बंदूक उलटी धरून लढले. तेथेच त्यांना वीरमरण आले. वय अवघे बावीस! मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु समाधी नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव तेवढे आहे. त्या ठाण्यात मेलेल्या जर्मन पोरांनाही आया होत्याच की!

आणि आपल्या खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातले दीड हजारांहून अधिक सैनिक निजले आहेत. त्यांतले कितीतरी सातासमुद्रापलीकडचे. त्यांच्या किती आयांना येथवर येऊन फूल वाहता आले असेल?

आता घरचे सांगते. १९७१ च्या लढाईत माझे थोरले दीर गेले. गावाने जयजयकार केला. पुढच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू झाले. तिळगूळ जाऊबाईंनीच वळला होता, पण त्या स्वयंपाकघरातच बसून राहिल्या. वाण मी वाटले. त्यांना बाहेर बोलावण्याचे मला सुचले नाही. खरे सांगायचे तर धीर झाला नाही. त्या कधी बोलल्या नाहीत. आज त्या नाहीत, आणि ती सल माझ्याजवळ राहिली आहे.

भगिनींनो, शत्रूने तिचा नवरा नेला; तिचे कुंकू मात्र आपण पुसले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग आपण का मागे राहावे? येत्या संक्रांतीला पहिले कुंकू, पहिले वाण अशा भगिनीला द्यावे, तिची इच्छा विचारून आणि मानाने. दुसऱ्या दिवशी चार फुले घेऊन खडकीला जाऊ.