फुलून गेलेल्या शेवंतीचं काय करायचं?



जानेवारी संपत आला की सोसायट्यांच्या कचऱ्यात शेवंतीच्या कुंड्या दिसू लागतात. फुलं तपकिरी पडली, खालची पानं वाळली, म्हणजे झाड गेलं असा आपला हिशेब. पण शेवंती बहुवर्षायू आहे. फुलून झाल्यावर वरचा भाग वाळतो, मुळं जिवंत असतात. बुडाशी माती जरा बोटानं उकरून पाहा, फिकट हिरवे कोंब वर येताना दिसतील. फुलशेती करणारे त्यांना काश्या म्हणतात. पुढच्या वर्षीची फुलं या काश्यांवर यायची आहेत, जुन्या फांद्यांवर नाही.

आधी एक घोळ दूर करतो. बाजारात हारांसाठी बिजली नावाचं फूल येतं, तीही शेवंतीच्या नात्यातलीच, पण ती हंगामी. दरवर्षी बी पेरायचं, फुलं घ्यायची, झाड उपटायचं. मी बोलतोय ती खरी शेवंती. आपल्याकडच्या झिपरी, राजा, पंढरी रेवडी या जाती, आणि नर्सरीत मिळणारे रंगीत संकरित प्रकार. यांचं बी धरून लावायच्या फंदात पडू नका. भरगच्च पाकळ्यांच्या फुलात बी मुळात कमी धरतं, आणि रुजलं तरी रोप आईसारखं निघेलच असं नाही. तोच रंग, तोच आकार हवा असेल तर काश्या किंवा छाटकलम, एवढेच मार्ग.

तर बहर संपला की सगळ्या फांद्या जमिनीपासून चार-पाच बोटं ठेवून छाटून टाका. हात आखडता घेऊ नका. अर्धवट छाटलेलं झाड ना जुनं राहतं ना नवं होतं. मूठभर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाला आणि कुंडी उन्हात ठेवा. काही आठवड्यांत काश्या बोटभर वाढतात. मग अख्खा गड्डा बाहेर काढा. मधला भाग लाकडासारखा कडक झालेला असतो, तो फेकून द्या. तिथून जोमदार काही येत नाही. कडेच्या काश्या आपापल्या मुळांसकट अलग करा आणि लहान कुंड्यांत लावा. गड्डा वर्षानुवर्षं तसाच ठेवला, तर फुलं बारीक होत जातात आणि झाड मधून उघडं पडतं.

या रोपांची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत असते. विदर्भ-मराठवाड्यात दुपारचं ऊन त्यांना सोसत नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली, अशी जागा शोधा. उन्हाळ्यात फुलांची अपेक्षा नाही, झाड फक्त जगवायचं आहे.

जूनमध्ये हवा दमट झाली की रोपं वाढवण्याची उत्तम वेळ. निरोगी झाडाचे शेंडे दोन-तीन इंच लांबीचे, पेराच्या लगेच खाली कापा. खालची पानं काढा, ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये खोचा आणि सावलीत ठेवा. दोन ते तीन आठवड्यांत मुळं धरतात. मला स्वतःला काश्यांपेक्षा हे छाटकलम जास्त पसंत आहे, कारण जुन्या मातीतले रोग त्याच्याबरोबर येत नाहीत. मुळं धरली की आठ ते दहा इंची कुंडीत एकेक रोप लावा. माती भुसभुशीत हवी, पाणी तुंबता कामा नये. कोकणात पावसाळाभर कुंड्या पागोळीखाली ठेवू नका. शेवंती तहानेनं मरते त्याहून जास्त मुळं कुजून मरते.

लावल्यावर महिनाभरानं शेंडा खुडा. जीव खालीवर होतो, कळतं मला, पण एक शेंडा खुडला की बगलेतून तीन-चार फुटवे येतात. ते वाढले की पुन्हा एकदा. ऑगस्टअखेर खुडणी थांबवा, नाहीतर कळ्याच खुडल्या जातील. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं खुडणीशिवाय आपोआप गोल भरणाऱ्या बुटक्या जातीही काढल्या आहेत; त्या मिळाल्या तर हा खटाटोप वाचतो.

पुष्कळ जण विचारतात, विकत आणली तेव्हा वीतभर होती, आता कंबरेएवढी का झाली? कुंडीतल्या शेवंतीवर नर्सरीत बहुधा वाढ रोखणारं औषध फवारलेलं असतं. त्याचा परिणाम ओसरला की झाड आपल्या मूळ उंचीवर जातं. काठीचा आधार द्या, बस्स.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, उजेड. शेवंती कळी धरते ती रात्र लांबू लागली आणि हवा गार झाली की. ही रात्र सलग अंधाराची लागते. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी झाडाच्या लेखी ती रात्र तुटते. पॉलिहाऊसमधले शेतकरी याच गुणाचा उपयोग करतात: रात्री दिवे लावून फुलं पुढं ढकलतात, संध्याकाळी काळं कापड ओढून ती लवकर आणतात. तुमच्या बाल्कनीत रात्रभर बल्ब जळत असेल किंवा रस्त्याचा दिवा थेट कुंडीवर पडत असेल, तर झाड हिरवंगार राहील आणि कळी धरणार नाही. मग लोक खतं बदलत बसतात. खत बदलू नका, कुंडी हलवा. सप्टेंबरपासून कळ्यांना रंग दिसेपर्यंत तिला रात्री अंधारी राहणारी जागा द्या.

मावा येतोच, कोवळ्या शेंड्यांवर काळा थर दिसतो. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं तो पडतो. नाहीच गेला तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. पाणी बुडाशी घाला, पानांवर नको, म्हणजे पानांवरचे काळे ठिपके आटोक्यात राहतात. ठिपके पडलेल्या किंवा मूळ कुजलेल्या झाडाच्या काश्या घेऊ नका, फूल कितीही देखणं असलं तरी. आणि फुलं असतानाच प्रत्येक कुंडीवर रंगाची चिठ्ठी लावून ठेवा. छाटल्यावर पांढरी कोणती आणि पिवळी कोणती, हे पानांवरून ओळखता येत नाही.