तबकडी आणि कंठ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांतील संगीत-सायंकाळीं केलेलें भाषण)



गायकमंडळाच्या चिटणिसांनीं आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयहि त्यांनींच नेमून दिला : 'फादरांच्या आवडत्या ध्वनिमुद्रिका'. विषय ऐकून प्रथम आम्हांस हंसूं आलें. धर्मगुरूनें पापपुण्याविषयीं बोलावें. तबकड्यांविषयीं बोलण्याचा त्याला अधिकार काय? परंतु विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, आमच्या आयुष्यांतील चार तबकड्यांची हकीकत सांगावयाची तर तिच्या शेवटीं एक पापनिवेदनहि करावें लागेल. तेव्हां विषय अगदींच आमच्या अधिकाराबाहेरचा नाहीं.

पहिली तबकडी आमच्या घरची नव्हे, शेजारची. आमचें बालपण वसईच्या एका वाडींत गेलें. आमच्या घरांत फोनो नव्हता. शेजारच्या हिंदु कुटुंबांत होता. श्रीनिवास खळे यांनीं चाली दिलेले व लता मंगेशकर यांनीं गाइलेले 'अभंग तुकयाचे' तबकडीवर निघाले होते. ती तबकडी त्या घरीं दर एकादशीस पहाटे लागे. त्या वेळीं आमचे वडील पानवेलींस पाणी सोडावयास वाडींत उतरलेले असत. अभंग सुरू झाला कीं ते फावड्यावर हात टेकून स्तब्ध उभे राहात. एके दिवशीं आम्हीं विचारिलें, "बाबा, हीं आपल्या देवळांतलीं गाणीं नव्हेत, मग तुम्ही कां ऐकतां?" वडील म्हणाले, "हा माणूस देवाशीं भांडतो आहे, बाळा. ओळख नसलेल्याशीं कोण भांडेल ?" वडिलांचें शिक्षण चौथ्या इयत्तेपलीकडे झालें नव्हतें. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र आम्हीं वाचलें. तुकोबांच्या अभंगांनीं ज्यांचें मन घडविलें ते टिळक १८९५ सालीं बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्तचरणीं लीन झाले, हें वाचतांना फावड्यावर हात टेकलेली ती मूर्ति आमच्या डोळ्यांपुढें उभी राहिली.

दुसरी तबकडी गोरेगांवच्या सेमिनरींत भेटली. आमच्या एका वयोवृद्ध प्राध्यापकांपाशीं जुना रेकॉर्डप्लेअर होता व रविवारीं दुपारीं ते आम्हां पांच-सहा जणांस आपल्या खोलींत बोलावीत. तेथें आम्हीं 'मिस्सा लुबा' ऐकली. बेल्जियमच्या अंमलाखालील कांगोंत, कामिना या गांवीं, फादर गिदो हाझेन नांवाचे फ्रान्सिस्कन मिशनरी होते. त्यांनीं शाळेंतील मुलें व शिक्षक जमवून एक वृंद उभारिला आणि १९५८ सालीं मिस्साचे लॅटिन शब्द तेथील लोकांच्या चालींवर, ढोलांच्या साथीनें गाववून घेतले. त्यांतला पुष्कळसा भाग कागदावर लिहिलेला नव्हता. गातां गातांच तो आकारास आला. दुसरी व्हॅटिकन परिषद भरावयास तेव्हां अजून चार वर्षें होतीं ! आमच्यांतील एकानें नाक मुरडून विचारिलें, "फादर, देवळांत ढोल ?" प्राध्यापक म्हणाले, "शब्द रोमचे आहेत, श्वास त्यांचा आहे. तुम्ही आपल्या श्वासानें कधीं गाल ?" त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं.

तिसरी आमच्या गांवच्या एका दर्यावर्दी गृहस्थांनीं भेट दिली. आरिएल रामिरेस या आर्जेन्टिनाच्या संगीतकारानें १९६४ सालीं रचलेली ती 'मिसा क्रिओया'. परिषदेनें लोकभाषेची वाट मोकळी केली होती. म्हणून तींतील शब्द स्पॅनिश आणि ताल त्या देशींच्या शेतकऱ्यांचे व डोंगराळ मुलखांतल्या लोकांचे आहेत. तिचें बीज मात्र जर्मनींत पडलें, असें रामिरेस सांगत. वुर्झबुर्ग येथील एका मठांत त्यांस दोन भगिनी भेटल्या. नाझी अमदानींत जवळच्याच एका छावणींत कैदी कोंडलेले असत व ह्या भगिनी जिवावर उदार होऊन रात्रीं कुंपणापाशीं त्यांच्यासाठीं अन्न ठेवून येत. ही हकीकत ऐकून, या भगिनींच्या सन्मानार्थ कांहीं पवित्र रचना करावी, असें त्यांच्या मनानें घेतलें. आमचे दर्यावर्दी मित्र म्हणत, "फादर, जहाजावर नाताळ आला म्हणजे आम्ही हीच लावीत असूं. भाषा कळत नसे. पण मिस्साचा कोणता भाग चालला आहे तें कळे, आणि घर आठवे."

आतां चौथी. १९९४ सालीं स्पेन देशांतील सान्तो दोमिंगो दे सिलोस येथील बेनेडिक्टाइन मठवासीयांच्या ग्रेगोरियन गायनाचा एक संच निघाला. मुद्रण बरेंच आधीं झालेलें होतें. पण त्या सालीं जगास कसली तहान लागली होती कोण जाणे, त्याच्या लक्षावधि प्रति खपल्या, आणि अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत नाचगाण्यांच्या तबकड्यांना मागें टाकून तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. आम्ही तेव्हां सेमिनरींत होतों. त्याची कॅसेट आम्हीं इतक्या वेळां लावली कीं शेवटीं फीत ताणली जाऊन साधूंचा आवाज थरथरूं लागला. परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानांत ग्रेगोरियन गायनास मानाचें स्थान दिलेलें आहे. त्याच संविधानांत मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा आदर करावा व जनतेच्या धार्मिक गायनास उत्तेजन द्यावें, असेंहि सांगितलें आहे. पहिलें वाक्य आम्हीं मनांत ठेविलें. उरलेलीं दोन वाचून सोडून दिलीं.

येथूनच आमच्या अपराधास आरंभ होतो.

दीक्षेनंतर दुसऱ्या वर्षीं आम्ही एका धर्मग्रामांत साहाय्यक होतों. तेथें सत्तरी ओलांडलेले एक मास्तर गायकवृंद चालवीत. वृंद म्हणजे चार वृद्ध स्त्रिया, दोन पुरुष आणि मास्तर स्वतः. उत्तम शुक्रवारीं क्रूसवंदनाच्या वेळीं मास्तर एक जुनें विलापगीत एकट्यानें म्हणत. तें कोणत्याहि गायनपुस्तकांत छापलेलें नव्हतें. त्यांना तें त्यांच्या आजीनें शिकविलें होतें. मास्तरांचा आवाज फाटलेला असे, वरचा स्वर लागत नसे, आणि मध्यें थांबून ते खोकत. आम्ही तरुण होतों; कान सिलोसच्या साधूंनीं भरलेले होते. त्या वर्षीं आम्हीं मास्तरांस न विचारतां व्यवस्था बदलली. भाविकांची रांग क्रूसाकडे निघाली तेव्हां ध्वनिक्षेपकांतून ती कॅसेट सुरू झाली. मास्तर गाण्यासाठीं उभे राहिले होते. त्यांनीं तोंड उघडलें, वर ध्वनिक्षेपकाकडे पाहिलें, आणि मिटलें.

शहरांतून आलेल्या पाहुण्यांनीं आमची वाखाणणी केली. मास्तर सर्वांच्या शेवटीं भेटावयास आले. ते रागावले नव्हते. म्हणाले, "फादर, यंत्र कधीं बेसूर होत नाहीं, हें खरें. पण यंत्राला क्रूसाचें चुंबन घेतां येत नाहीं."

पवित्र विधिविषयक रोमच्या मंडळानें ३ सप्टेंबर १९५८ रोजीं काढलेल्या सूचनेंत, उपासनाविधींत गायकवृंदाच्या किंवा भाविकांच्या जागीं ग्रामोफोन, ध्वनिफीत इत्यादि यंत्रांचा उपयोग करण्यास साफ मनाई केलेली होती. सेमिनरीच्या परीक्षेंत ह्याच प्रश्नाचें उत्तर आम्हीं बिनचूक लिहिलें होतें ! मास्तरांस तो नियम ठाऊक नव्हता. त्याचा अर्थ मात्र आमच्यापेक्षां अधिक ठाऊक होता.

पुढच्या वर्षीं त्यांचें गीत पुन्हां ठेवावें, असा आम्हीं मनाशीं निश्चय केला. परंतु त्यांस तसें सांगितलें नाहीं. धाकट्या धर्मगुरूच्या अभिमानास तेवढें जड गेलें. श्रावण लागण्यापूर्वींच मास्तर प्रभुघरीं गेले. मृतसंस्कारानंतर आम्हीं चौकशी केली तेव्हां कळलें कीं, गीत कोठेंहि लिहिलेलें नाहीं, कोणीं कधीं तें ध्वनिमुद्रित केलें नाहीं, आणि मास्तरांच्या कन्येस त्याचीं दोनच कडवीं येतात. बाकीचें गीत त्यांच्याबरोबर मातींत गेलें. सिलोसच्या गायनाच्या लक्षावधि प्रति जगांत आहेत. ह्या गीताची एकहि नव्हती, आणि जी एक होती तिचें तोंड आम्हीं बंद केलें.

बंधुभगिनींनो, चारहि तबकड्या आम्हांस आजहि प्रिय आहेत. परंतु आतां त्या आम्ही निराळ्या कानांनीं ऐकतों. सिलोसचे साधु आमच्यासाठीं गात नव्हते. त्यांची घंटा वाजली म्हणजे, कोणी ऐको वा न ऐको, ते गात. कामिनाचीं मुलें स्वतःच्या श्वासानें गाइलीं. ज्या गायनानें आमचें हृदय हालविलें तें सर्व कोणीतरी आपल्या ठिकाणीं, आपल्या देवासमोर, आपल्या कंठानें गाइलेलें होतें. त्यांचें अनुकरण करावयाचें तर आपणहि तेंच करावयास पाहिजे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें आमचीं दोन मागणीं आहेत. आज प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे आणि बटण दाबतांच वाद्यांची तयार साथ मिळते. लग्नाच्या मिस्सांत तयार गाणेंच लावावें, असा आग्रह आमच्याकडे वरचेवर होतो. तो आम्ही मान्य करीत नाहीं, ह्याचें कारण आज आपणांस कळलें. ह्या देवळांत माणसेंच गातील; बेसूर झालीं तरी चालेल. दुसरें, तोच मोबाइल घेऊन आपल्या आजी-आजोबांपाशीं बसा. त्यांचीं लग्नांतलीं, उपवासकाळांतलीं, नाताळांतलीं गाणीं मुद्रित करून घ्या, शब्द लिहून काढा, आणि एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयांत आणून द्या. वडीलधाऱ्यांचा खोकला आला तर तो पुसूं नका.

त्या मास्तरांच्या कन्या आज आमच्या विनंतीवरून येथें आलेल्या आहेत. आतां त्या तीं दोन कडवीं म्हणतील. आमच्या गायकवृंदांतील मुलांनीं तीं लक्ष देऊन ऐकावींत व पाठ करावींत. येत्या उत्तम शुक्रवारीं तीं ह्या देवळांत गाइलीं जातील. आपल्यापैकीं कोणा वृद्ध माउलीस तिसरें कडवें येत असेल, तर तिनें उद्यां सकाळीं मिस्सानंतर आम्हांस येऊन भेटावें. आम्ही वाट पाहूं.

ज्यानें आपणांस कंठ दिला तो प्रभू आपल्या सर्वांच्या घरांत गाणें नांदतें ठेवो, आणि आम्हां धर्मगुरूंस ऐकण्याचें शहाणपण देवो.